डब्याच्या तळाशी

आमच्या सरांकडून परत आलेल्या भांड्यात काही नसायचं, आणि एवढ्या एका गोष्टीवरून लखनऊच्या अलीगंजमधली ती अख्खी गल्ली त्यांच्यावर रागावलेली होती.

समोरच्या भाभीजी होळीला गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, पाठवायच्या, संक्रांतीला खिचडी. आपल्याकडे काय नि इथे काय, दुसऱ्याचं भांडं कुणी मोकळं परत करत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. सरांचं उलट. ते डबा स्वतः घासायचे, तीन वेगवेगळ्या फडक्यांनी पुसायचे, उन्हात उपडा घालायचे, आणि मग समोरच्या दारात जाऊन भाभीजींपुढे झाकण उघडून धरायचे. "देख लीजिए भाभीजी, बिलकुल खाली है।"

भाभीजी मला म्हणायच्या, "दीदी, तुम्हारे मास्टर साहब मिठाई रख लेते हैं और बेइज़्ज़ती लौटा देते हैं।"

मी काय बोलणार? मला तसंही कुणाशी चटकन बोलता येत नाही. मी हसून खाली बघायचे.

सरांकडे मी सहा वर्षं स्वयंपाक केला. आमचे हे फौजेतून निवृत्त झाल्यावर जानकीपुरमला औषधांच्या संशोधनाच्या कॅम्पसमध्ये गेटवर लागले होते. तिथल्या एका मराठी साहेबांनी सांगितलं की अलीगंजात एक एकटे सर राहतात, त्यांना साधं वरणभात आणि पोळी करणारं कुणीतरी पाहिजे आहे. मी ई-रिक्शाने गेले. सरांनी दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पुसता येतं का?"

मी म्हणाले, "स्वयंपाक येतो."

"तो सगळ्यांना येतो. भांडं पुसता येतं का?"

मी पुसून दाखवलं. त्यांनी भांड्यात बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "उद्यापासून या."

पुढे पुढे मला त्यांच्या तऱ्हा कळत गेल्या. ते पूर्वी एका कॉलेजात संगणक शिकवायचे. तास संपला की फळा स्वतः ओल्या फडक्याने पुसायचे आणि वाळेपर्यंत तिथेच उभे राहायचे. दुसऱ्यांचे फळेही पुसायचे. एकदा प्राचार्यांच्या खोलीत कुणी नव्हतं. तिथल्या फळ्यावर सगळ्या वर्षाचं वेळापत्रक लिहिलेलं होतं, ते पुसून आले. "त्यांनी विचारलं, हे काय केलंत? मी म्हणालो, दार उघडं होतं, कुणीही वाचलं असतं." हे सांगताना सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. त्यानंतर त्या कॉलेजात ते फार दिवस राहिले नाहीत, हे मात्र हसत सांगायचे नाहीत.

एकदा मी हातगाडीवरून भुईमुगाच्या शेंगा आणल्या. पुडी कुठल्याशा मुलाच्या उत्तरपत्रिकेची होती. वर नाव, रोल नंबर आणि लाल शाईत मार्क. सर शेंगा तिथेच टाकून गाडीवाल्याकडे गेले. मला वाटलं भांडण होणार, म्हणून मी मागे मागे गेले.

"भैया, ये किसी बच्चे का परचा है।"

"तो क्या हुआ साहब, बच्चा तो अब तक पास हो गया होगा।"

"और नहीं हुआ हो तो?"

गाडीवाल्याने हातातली पुडी उलटून बघितली. सरांनी त्याच्याकडच्या सगळ्या पुड्या मागून घेतल्या आणि त्याला कोऱ्या कागदाचा गठ्ठा आणून दिला. घरी बसून प्रत्येक पुडीवरचं नाव काळ्या शाईने झाकलं. दोन दिवस तेच चाललं होतं.

मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. त्यामागे काय आहे ते कळलं साखरेवरून.

भाभीजींचा राग मला बघवत नव्हता. म्हणून सर डबा उन्हात ठेवून आत गेले की मी त्यात गुपचूप चार चमचे साखर घालायचे आणि "मी देऊन येते" म्हणायचे. तीन-चार वेळा खपलं. एकदा सर पाठोपाठ आले आणि त्यांनी झाकण उघडलं. रागावले नाहीत. मला घरात नेऊन खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले, शिकवायला राहतात तसे.

"संगणकाच्या मशीनच्या आत मधोमध एक कोठीवाला बसलेला असतो. त्याला गाभा म्हणा. बाकी सगळे बाहेर. कुणाला काही हवं असलं तर खिडकीशी जाऊन मागायचं. तो आतून एक डबा काढतो, मागितलेलं त्यात घालतो आणि देतो. आत पाऊल टाकायची कुणालाही परवानगी नाही. कळलं?"

"कळलं."

"आता तुम्ही चमचाभर साखर मागितलीत. त्यानं हाताला आला तो मोठा डबा घेतला. तळाला आधीच्या माणसाचं लोणचं राहिलेलं आहे. यानं न पुसता वर साखर घातली आणि दिला. तुम्हाला साखर मिळाली, आणि शेजारी कसलं लोणचं खातात तेही कळलं."

"लोणचं कळलं तर काय बिघडलं, सर?"

"लोणच्याच्या जागी कुणाचा पासवर्ड असला तर? कुणाच्या आजाराचा कागद असला तर? त्या माणसानं तो विश्वासानं कोठीत ठेवलेला असतो, बाई. आणि चोरी कुणीच केलेली नसते. खिडकीतून रीतसर हातात दिलेलं असतं."

एका ठिकाणी हा कोठीवाला डबा पुसत नाही, अशी सरांची खात्री होती. तो गाभा जगभरच्या कितीतरी यंत्रांत एकच आहे म्हणे. त्याची देखभाल करणारी मंडळी परदेशात असतात, त्यांना सरांनी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं, की तुम्ही दाखवता त्या डब्याच्या तळाशी शून्यं आणि केरकचरा आहे, वाचता येईल असं कुणाचं काही सापडलं तर कळवा. सरांनी ते उत्तर छापून फ्रीजवर चिकटवलं होतं. अकरा महिने ते तिथे होतं. दूध काढताना मी रोज बघायचे. सर रोज सकाळी मशीनपुढे बसायचे, खिडकीशी जाऊन डबे मागायचे आणि तळं तपासायचे. शून्य, शून्य, कचरा, शून्य.

त्यांना पैसा नको होता. ते भोक बुजवलं जाईल तेव्हा तिथे कुणी दाखवलं त्याचं नाव लिहितात, तेवढं एक नाव हवं होतं. कॉलेजातले लोक त्यांना "पोछा सर" म्हणायचे, पोछा म्हणजे फरशी पुसायचं फडकं. ते लोक त्या नावांची यादी वाचतात, असं एकदा ते बोलून गेले होते.

आता माझं सांगते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण लिहायची सवय जुनी. सरांनी माझी वाण्याची यादी बघितली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. मशीनवर लिहाल?" त्याच मशीनवर त्यांनी मला एकेक अक्षर कुठे आहे ते दाखवलं. दुपारी ते जेवून आडवे झाले की मी अर्धा तास लिहायचे. एकदा मी भीत भीत विचारलं, "हे कुणाला दिसेल का?"

"ठेवू नका. पुसा आणि पडद्यावरची लिहायची खिडकी बंद करा. पुसलं की गेलं. मशीन मात्र बंद करायचं नाही, माझं काम चालू असतं."

पुसलं की गेलं, या शब्दांवर मी दोन वर्षं लिहिलं. जे कागदावर लिहिलं नसतं ते लिहिलं. पुसलं की छाती हलकी व्हायची.

त्या दिवशी मी पोळ्या करत होते. गॅस चालू असताना सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कधी येत नसत. त्या दिवशी आले.

"बाई, गॅस बंद करा."

मला वाटलं गावाकडून कुणाचा फोन आला.

"तुम्ही मशीनवर मराठीत लिहिता. काय लिहिता ते मी विचारत नाही. पण लिहिता ना?"

"हो. पण पुसते. तुम्ही सांगितलंत तसं."

"पुसता, ते माहीत आहे." ते दाराच्या चौकटीला टेकले. "पुसलं की गेलं, हे मीच सांगितलं होतं तुम्हाला."

त्यांनी मला मशीनपाशी नेलं. पडद्यावर वर्तमानपत्र लावून चिकटपट्टी मारलेली होती. फक्त वरची डावी कड उघडी होती. तिथे इंग्रजी अक्षरं आणि आकडे जोडीजोडीने मांडलेले होते.

"चौसष्ट घरांचा डबा आहे. मराठीच्या एकेका चिन्हाला तीन घरं लागतात. ही पहिली तीन बघा. ई शून्य, ए चार, ए चार. हा त. मी मशीनवर मराठी कधी लिहीत नाही, म्हणजे हे माझं नाही. पण आकडे माझ्या डोक्यात आपोआप वाचले जातात, मला थांबता आलं नाही. 'तिकीट' एवढं वाचलं आणि पेपर लावला. पुढचं वाचलेलं नाही. पेपर काढा आणि हे बटण दाबा, अक्षरं दिसतील. मी बाहेर थांबतो."

ते गेले. चपला न घालता रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मी बटण दाबलं.

"तिकीट कन्फर्म झालं होतं".

मी चार दिवसांपूर्वी लिहिलेलं आणि माझ्या हाताने, एकेक अक्षर मागे घेत पुसलेलं वाक्य. माझ्या बोटांना पीठ लागलेलं होतं, ते त्या बटणावर उमटलं. मला वाटलं, भिंतीतून कुणीतरी माझ्या आवाजात बोललं. मी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. मी खुर्चीवर बसायचं म्हणून बसले आणि खुर्ची मागे होती, मी जमिनीवर बसले.

त्या वाक्यामागचं असं आहे. आमचं गाव सांगलीकडे. आई हळदीच्या वखारीत जायची, तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. मी चौथी पास झाले आणि धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला तिने मला शाळेतून काढलं. शाळेतल्या बाई घरी विचारायला आल्या होत्या. आई म्हणाली, "पोरीला वाचाय येतंय, बास झालं." ते 'बास झालं' मी तीस वर्षं पोटात ठेवलं. मग आई आजारी पडली. भावाचा फोन आला, "आक्का, लवकर ये, तुझं नाव घेतीया." हे तेव्हा सीमेवर होते. मी पुण्यापर्यंतचं तिकीट काढलं, ते वेटिंगला होतं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, कन्फर्म झालं. मी मेसेज वाचला, पुसला आणि भावाला सांगितलं, तिकीट मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी आई गेली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. यांनाही नाही, मुलीलाही नाही. एका यंत्राला सांगितलं होतं, तेही पुसून.

सर आत आले तेव्हा मी पडद्यावर पेपर परत लावलेला होता.

"बाई, ते लोक अकरा महिने हेच मागत होते," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणाचं तरी वाचता येण्यासारखं, पुसलेलं, खिडकीतून बाहेर आलेलं. हे पाठवलं तर ते नाही म्हणू शकणार नाहीत. पण जे पाठवतो ते नंतर सगळ्यांना वाचायला खुलं होतं. म्हणून विचारतो. पाठवू?"

"काळं करून पाठवता नाही येणार? त्या पुड्यांसारखं?"

"मग म्हणतील, काळ्याखाली कचराच होता."

"मराठी कोण वाचणार तिथे?" मी विचारलं, आणि विचारताना मलाच उत्तर आठवलं. ज्या भावाला सांभाळायला मी घरी राहिले त्याचा मुलगा पुण्याला संगणकच शिकतो आहे. लखनऊहून आलेलं मराठी वाक्य, सर त्यात माझं नाव लिहिणार नाहीत, पण त्याची आत्या लखनऊला आहे आणि तिला तिकीट मिळालं नव्हतं हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

"सांगा."

दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्याऐवजी दुसरा मार्ग काढला. मला रोज काहीतरी बिनधोक लिहायला लावायचे. "आज भेंडी." "कोथिंबीर महाग झाली." मी लिहायचे, पुसायचे, खिडकी बंद करायचे. मग सर डबे मागत बसायचे. एकदाही भेंडी बाहेर आली नाही. कोथिंबीर आली नाही. जे यायला नको होतं तेवढंच एकदा आलं होतं.

आठ दिवस मी ई-रिक्शात बसले की ठरवायचे, आज सांगायचं. कधी 'पाठवा' ठरवायचे, कधी 'नको'. दारात पोचले की जीभ उचलायची नाही. सर बघायचे, आणि मी कणीक मळायला घ्यायचे.

नवव्या दिवशी मी 'पाठवा' ठरवून गेले होते. रस्ताभर तोंडात घोळवत होते. आत गेले, दूध काढायला फ्रीज उघडला, आणि फ्रीजवरचा कागद नव्हता. तिथे पांढरा चौकोन होता, बाकीच्या फ्रीजपेक्षा स्वच्छ.

"सर, कागद कुठाय?"

"काढला. काम झालं." ते चहाचा कप विसळत होते. "परदेशातल्या एका मुलीनं पाठवलं. स्वतःच्या मशीनवर, स्वतःचं वाक्य टाकून पकडलं. मला अकरा महिन्यांत जमलं नाही, तिला जमलं. चांगलं काम आहे. देखभाल करणाऱ्या मंडळींनी एक ओळ बदलली. आता कोठीवाला डबा पुसून देईल."

"आणि आपलं?"

"आपलं मी पाठवलंच नव्हतं."

"पण माझं वाक्य तर होतं तुमच्याकडे. तुम्ही पाठवलं असतं तर मला कळलंही नसतं."

"मी विचारलं होतं. तुम्ही अजून सांगितलं नव्हतं." त्यांनी कप फडक्याने पुसला, मग दुसऱ्या फडक्याने. "डबा तुमचा होता, बाई."

आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी ओट्याला धरून उभी राहिले. मला समोर ते फडकं दिसत होतं आणि कानात रेल्वेचा मेसेज वाजत होता. दुसऱ्यांदा माझ्या हातात तिकीट होतं आणि दुसऱ्यांदा मी बसून राहिले होते. पहिल्यांदा आई वाट बघत होती, या वेळी हा माणूस. आणि दोघांनीही मला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. सरांनी ती तशीच संपवली.

पुढच्या थंडीत सरांचे गुडघे गेले. नागपूरची बहीण न्यायला आली. सामान थोडंच होतं. भाभीजी रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि रडल्या, मला त्याचं फार आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "मास्टर साहब, अब हमारा डिब्बा इतना साफ़ कौन लौटाएगा?"

आधीच्या आठवड्यात मी सरांना शंकरपाळे नेऊन दिले होते. माझा स्टीलचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. झाकण लावलेलं होतं.

"उघडून दाखवत नाही आज?" मी विचारलं. सहा वर्षांत मी त्यांची केलेली ही एवढीच थट्टा.

"घरी गेल्यावर उघडा." मग गाडीत बसता बसता थांबले. "मला फक्त 'तिकीट' एवढंच माहीत आहे. नंतर पुष्कळदा मनात आलं, विचारावं. गाडी मिळाली ना तुम्हाला?"

मी मान हलवली. कशी हलवली, होकाराची की नकाराची, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी बरं म्हटलं आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन मी गॅसवर चहाचं आधण चढवलं आणि डबा ओट्यावर ठेवला. झाकण उघडलं. सरांकडून आलेल्या भांड्यात पहिल्यांदाच काहीतरी होतं. तळाशी चौकोनी घडी केलेला कागद. त्यावर आकड्यांच्या रांगा, ई शून्य, ए चार, ए चार, आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात, "ही एकच प्रत आहे. मशीन पुसलं आहे. या वेळी मी तपासून बघितलं."

मुलगी कॉलेजातून आली होती. माझ्या खांद्यावरून वाकून तिने बघितलं. ती इथेच वाढली, मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत.

"मम्मी, ये क्या है? कोई कोड है?"

हा कागद चुलीवर धरला असता तर तिला कधीच काही कळलं नसतं. गॅस चालूच होता.

"तिकीट आहे," मी म्हणाले.

"किसका तिकीट, यार? इसमें तो बस नंबर हैं।"

"माझं. आजीकडे जायचं. कन्फर्म झालेलं."

ती हसणार होती. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि हात पुढे करून गॅस बंद केला.

"बैठो," ती म्हणाली. "पूरा बताओ।"